नणंदेच्या नावाचा डबा

"पाच आलं. सहावा आजबी न्हाय."

चिमणाबाईंनी रिकाम्या डब्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. सून अनुजा कणीक मळता मळता म्हणाली, "आत्ती, तिचं जेवण आता पार्सलच्या प्लास्टिकात जातंय की. गेला म्हणा तो डबा आणि सोडा."

"डब्यासाठी जीव न्हाय जात गं माझा. ती अशी का वागाय लागली, ते कळाय नको?"

शिवाजी पेठेत डबे करून चिमणाबाईंनी संसार ओढला, आणि माणसांची पारख रिकाम्या डब्यावरून केली. भाजी कोण टाकतं, डबा विसळून कोण देतं, खरकट्यावर झाकण लावून कोण मोकळं होतं, सगळं त्यांच्या डोक्यात जमा असायचं. गेला महिनाभर त्यांचे सहा डबे शिरोलीच्या एका पंप प्रशिक्षण केंद्रात जात होते. समुद्रातल्या कुठल्याशा एवढ्याशा देशाची माणसं तिथं आली होती. दिल्लीचं सरकार त्या देशाला पंप भेट देणार होतं, आणि ते बिघडले तर दुरुस्त कसे करायचे हे शिकायला ही मंडळी कोल्हापुरात उतरली होती.

पाच जणांचे डबे रिकामे यायचे. लोसा नावाच्या बाईचा डबा मात्र कधी रिकामा आला नाही. धुतलेला, पुसलेला आणि आत एक शिंपला. पुढं कधी लाल बी, कधी झाडाच्या पातीची विणलेली अंगठी. चिमणाबाई चाटच पडल्या. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, हे पेठेत ठीक आहे. पण समुद्रापलीकडं हे शिकवलं कुणी? मग त्याही मागं हटेनात. शिंपल्याला बेसनाचा लाडू, अंगठीला शेंगदाण्याची पोळी. एकदा तर हौसेनं खोबऱ्याच्या वड्या धाडल्या. नारळावर वाढलेल्या बाईला खोबरं पाठवलं म्हणून अनुजा दोन दिवस हसत होती.

आणि आता तीन दिवस डबाच नाही. पाहुणे उद्या सकाळी निघणार होते.

दुपारी त्या रिक्षा करून केंद्रात गेल्या. मांडवात निरोपाचा समारंभ चालला होता. नमुन्याच्या पंपाला हार घातला होता, आणि त्याच्यावर कुणी दिला ते सांगणारी पितळी पाटी चमकत होती. दिल्लीहून आलेले साहेब पुन्हा पुन्हा 'ही छोटीशी भेट' म्हणत होते, आणि दर वेळी पाहुण्यांचा पुढारी उठून आभार मानत होता. बिचाऱ्याचे गुडघे भरून आले असतील, असं चिमणाबाईंना वाटलं.

लोसा मागच्या खोलीत सापडली. डबा खिडकीत होता, लख्ख घासलेला. चिमणाबाईंना बघून तिनं मान खाली घातली आणि हळू आवाजात इंग्रजीतून काहीतरी सांगितलं. प्रशिक्षक सयाजीनं त्याचं मराठी केलं.

"मावशी, त्या म्हणत्यात, घरनं आणलेलं सगळं संपलं. डब्यात घालाय काय उरलं न्हाय. रिकामं भांडं परत द्यायची लाज वाटती."

"आता गं बया! एवढ्यासाठी?"

लोसा डब्यावर कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत होती. हे काय लिहिलंय, तिनं खुणेनंच विचारलं.

"माझ्या नणंदेचं नाव. लग्नात सप्रेम भेट दिलीया न्हवं! एवढी वर्षं घासतीया मी आणि चमकतंय त्यांचं नाव."

सयाजीनं ते सांगितलं. लोसानं उघड्या दारातून बाहेर पाहिलं. मग मांडवातल्या पितळी पाटीकडं बोट करून जी हसत सुटली, ती थांबेचना. चिमणाबाईंनीही तोंडाला पदर लावला. सयाजीनं आधी दार लोटून घेतलं.

"हे बघ," चिमणाबाई म्हणाल्या, "माझी पाण्याची मोटर अडलीया. मिस्त्री रोज उद्या येतो म्हणतोय. चल घरला. काय शिकलीस ते तरी बघू."

"मावशी, सरकारी पाहुण्या हाईत त्या!"

"मग? सरकारी पाहुणीला हात नसत्यात व्हय?"

पेठेत सायंकाळचं पाणी आलं तेव्हा लोसानं मोटर खोलली. आतल्या पंख्यात गुंतलेली सुतळी ओढून काढली, परत सगळं आवळलं आणि बटण दाबलं. वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. लोसानं नळाला ओंजळ लावली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ पीत राहिली.

"त्यांच्या विहिरींत समुद्राचं पाणी शिरलंय," सयाजी हळूच म्हणाला. "गोडं पाणी बोटीनं येतं."

लोसानं बरोबर आणलेला डबा नळाखाली धरला. काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी चिमणाबाईंपुढं केला.

"तुमचंच पाणी तुम्हाला?" सयाजी हसला.

"गप रे. वर कुणी चढवलं?" म्हणत चिमणाबाईंनी तो दोन्ही हातांनीच घेतला.

सकाळी त्यांनी त्या पाण्यात कणीक भिजवली. वाटेला म्हणून चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी त्याच डब्यात भरली.

"आत्ती, आता हा डबा परत कसा यायचा?"

"न्हाय आला तर न्हाय. वन्सांचं नाव तरी समुद्र बघंल."

गाडी गेली. फळीवर डबे लावताना मोकळी जागा दिसली, म्हणून अनुजानं तिथं चहाचा डबा सरकवला. चिमणाबाई आल्या, चहाचा डबा उचलून त्यांनी ओट्यावर ठेवला, आणि पदरानं ती रिकामी जागा पुसून घेतली.