एका क्रमांकाची दोन पुस्तके

मित्रांनो, माझ्या पोटात आकड्यांची चाके आहेत. दांडा दाबला की 'खटक' असा आवाज होतो, कागदावर क्रमांक उमटतो आणि शेवटचे चाक आपसूक एक घर पुढे सरकते. असा मी, क्रमांक उमटवणारा एक जुना लोखंडी शिक्का. आज माझ्या दांड्यावर गंज चढला आहे, पण एके काळी सरकारी प्रकाशन कार्यालयात माझ्यावाचून कुणाचे पान हलत नसे.

कायदा असो, नियम असोत की एखादा जाडजूड अहवाल, छापण्याआधी त्याला क्रमांक घ्यावाच लागे. छापणाऱ्या खात्याने अर्ज करायचा. त्यात पुस्तकाचे नाव, भाषा, कितवी आवृत्ती, सगळे लिहायचे. अर्ज मुख्य कार्यालयात जाई आणि तिथून क्रमांक मंजूर होऊन येई. मग मी तो मूळ प्रतीवर उमटवायचा आणि छापखान्याने पहिल्या पानामागे छापायचा. मजकूर बदलून नवी आवृत्ती काढली तर क्रमांकही नवा. पुस्तक रद्द झाले तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. कुणी कुठूनही तो क्रमांक सांगितला की तेच पुस्तक हाती यावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

मला हाताळणाऱ्या बाईंना सगळे नंबरताई म्हणत. त्या रोज मला मऊ फडक्याने पुसत, चाकांत तेलाचा थेंब सोडत. खिडकीशी कुणी घाई केली तर म्हणत, "अहो, घरात बाळाचं नाव ठेवतानासुद्धा चार जणांना विचारतात. हे तर कायद्याचं पुस्तक आहे!" लोक हसत आणि मुकाट्याने बाकावर बसत.

एका वर्षी दत्तक घेण्याचे नियम बदलले. जुन्या नियमाप्रमाणे ठरावीक वयापुढच्या बाईला मूल दत्तक मिळत नसे. नव्या नियमात, मूल आधीपासून त्याच घरात वाढत असेल, तर ही अट काढून टाकली होती. कितीतरी घरे या नव्या नियमांच्या पुस्तिकेकडे डोळे लावून बसली होती. अर्ज गेला, पण क्रमांक काही येईना. लोक खिडकीशी येत आणि तोंड पाडून परत जात. नंबरताईंना ते बघवेना.

"साहेब," त्या एका दुपारी कार्यालयप्रमुखांना म्हणाल्या, "पुस्तकाचं नाव तेच आहे. जुनाच नंबर टाकते. जुन्या प्रती ग्रंथालयांतून परत मागवू, म्हणजे घोळ नको."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "नक्की ना? नंतर माझ्या गळ्यात यायला नको."

"माझ्यावर सोडा."

त्यांनी माझ्या पोटात सुई घातली आणि चाके मागे ओढली. मी हबकलोच! आजवर मी पुढेच गेलो होतो. ओरडता आले असते तर ओरडलो असतो, पण मला फक्त 'खटक' करता येते. तेवढे केले. छापखान्यानेही वेळ वाचवायला जुनेच मुखपृष्ठ वापरले.

पुस्तिका बाहेर पडली आणि नंबरताईंचे कौतुक झाले. जुन्या प्रती परत पाठवा, असे ग्रंथालयांना कळवले होते. काहींनी पाठवल्या. काहींनी कळवलेले वाचलेसुद्धा नाही.

मग एक दिवस कपडे शिवणाऱ्या एक बाई खिडकीशी आल्या. केस पांढरे, गळ्यात मोजपट्टी तशीच लटकलेली, हातात ती पुस्तिका.

"हे पुस्तक खोटं आहे का हो?"

"खोटं? छे! आमच्याकडचंच आहे ते," नंबरताई म्हणाल्या. "काय झालं?"

"दत्तकासाठी कोर्टात गेले, तर म्हणाले खोटं आहे. आमच्या वकिलांनी नंबर सांगितला, तर कोर्टाच्या ग्रंथालयातून दुसरंच पुस्तक आलं. नंबर तोच, नियम उलटा. वकिलांना म्हणाले, तुम्ही बनावट नियम दाखवता. आणि माझ्या लेकीला, गुंडीला..." त्यांनी खिडकीची चौकट घट्ट धरली. "बालगृहात घेऊन गेले. चार दिवसांची होती तेव्हापासून माझ्याकडे आहे ती. माझ्या हाताला धरून होती. बोटं सोडवावी लागली तिची."

नंबरताईंनी पुस्तिका उघडून पहिल्या पानामागचा क्रमांक पाहिला. मी टेबलावर तसाच पडून होतो, शाईने ओला. ज्या क्रमांकाने त्या मुलीला घर मिळायचे, त्यानेच तिचे घर सुटले होते, आणि तो मी उमटवला होता!

पुढच्या तारखेला नंबरताई स्वतःहून न्यायालयात गेल्या. मला पिशवीत घालून नेले. न्यायाधीशबाईंनी दोन्ही पुस्तिका शेजारी शेजारी ठेवल्या.

"मुखपृष्ठ एक, क्रमांक एक. एक म्हणतं मूल देऊ नका, दुसरं म्हणतं द्या. सरकारनं छापलेलं यातलं कोणतं?"

"दोन्ही," नंबरताई म्हणाल्या.

न्यायाधीशबाईंनी मान वर केली.

"दोन्ही?"

"हो बाईसाहेब. आधीचं रद्द झालंय, हे नवं लागू आहे. नवीन नंबर यायच्या आधीच मी जुना मारला. या शिक्क्यानं, माझ्या हातानं. वकिलांचा दोष नाही, या आईचा तर नाहीच नाही."

न्यायाधीशबाईंनी दोन्ही पुस्तिका मिटल्या. "तुमचं म्हणणं मला पटतंय. पण नुसत्या शब्दावर निकाल देता येत नाही. नव्या पुस्तकाला त्याचा स्वतःचा क्रमांक द्या, शुद्धिपत्रक काढा, जुन्या प्रती रद्द करा. मग मी हे ऐकते. तोवर मूल बालगृहातच राहील."

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?" त्या आईने विचारले. कारकुनाने पुढच्या खटल्याचा पुकारा केला.

नंबरताई मुख्य कार्यालयाच्या दारात ठाण मांडून बसल्या आणि क्रमांक घेऊनच उठल्या. तो उमटवण्याआधी त्यांनी एकेक आकडा कागदाशी दोनदा ताडून पाहिला. मग ग्रंथालयामागून ग्रंथालय पालथे घालत त्यांनी जुन्या प्रतींवर 'रद्द'चा शिक्का मारला. शेवटी निकाल लागला. गुंडी कायद्याने त्या आईची झाली.

आई तिला घेऊन कार्यालयात आली. घरभर बडबडत फिरणारी, बटणांशी खेळणारी मुलगी, असे आम्ही ऐकले होते. ही तर आईला चिकटून उभी होती. हूं नाही की चूं नाही. नंबरताई तिच्यापुढे गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. मुलीने त्यांच्याकडे पाहिले आणि आईला विचारले,

"आता या न्यायला आल्यात का?"

"नाही गं राणी. आता तुला कुणीच नेणार नाही."

"त्या दिवशीपण तू असंच म्हणाली होतीस."

मित्रांनो, नंबरताईंचा पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला. निकाल झाला होता, कागद बिनचूक झाले होते, आणि एका लहान मुलीचा आपल्या आईच्या शब्दावरचा विश्वास मात्र कुठल्याच शुद्धिपत्रकाने परत आला नव्हता.

आता ते काम संगणक करतो. मी कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून आहे. मला बाहेर काढा, तेल द्या, असे माझे मागणे नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, कुठल्या तरी टेबलाशी बसाल, तुमच्या हातून क्रमांक दिले जातील. तेव्हा कितीही चांगल्या मनाने घाई करावीशी वाटली तरी एकदा हात थांबवा. त्या आकड्याचा भरवसा धरून कुणीतरी आपल्या लेकराचा हात धरून उभे असते.