वाशांखालचं लाल कपाट

मित्रांनो, मला जुनं म्हणावं की नाही, हे माझं मलाच ठरवता येत नाही. माझ्या अंगाचा प्लाय खालच्या बाजूला फुगला आहे. कडांचा लाल रंग ठिकठिकाणी उडाला आहे. ज्या दाराचं एकेकाळी सगळ्या गावानं कौतुक केलं, ते दार आता माझ्याजवळ नाही. पण वयानं मी काही फार मोठा नाही. मी स्वयंपाकघरातलं एक कपाट आहे. बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे निघालात, की झाडी दाट होऊ लागते. तिथल्या एका लहान गावात, राजाबाईंच्या घराच्या मागच्या पडवीत, उतरत्या छपराखाली मला बसवलं आहे.

माझा जन्म बेळगावातल्या एका कारखान्यात झाला. मोठ्या यंत्रानं प्लायची पानं कापली, कडांना पट्ट्या चिकटवल्या आणि समोर आरशासारखं चकचकीत लाल दार लावलं. मॉड्युलर किचनच्या एका संचातलं मी वरचं कपाट. माझ्या खाली बसायचे ते खण, बाजूला ओट्याखालचे कप्पे. आम्ही सगळे काटकोनात बनलेलो. घर म्हटलं की सरळ भिंती आणि सपाट छत, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आपल्याला कुठं जायचं आहे, हे कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं.

मला ज्यांच्यासाठी मागवलं होतं, त्या राजाबाईंचे डोळे गेले होते. आधी बाजूचं दिसेनासं झालं. चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरतात, असं म्हणून त्यांनी ते अंगावर काढलं. बेळगावच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला तेव्हा फार उशीर झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, हे ऐकून त्या घरी आल्या आणि सवयीनं थेट मागच्या पडवीत चुलीपाशी गेल्या.

पण पडवी त्यांची राहिली नव्हती. तिचं छप्पर घराच्या उंच भिंतीपासून मागच्या बुटक्या भिंतीपर्यंत उतरत जातं. डोळे होते तेव्हा त्या नकळत वाकायच्या. आता मागच्या भिंतीकडचे डबे घ्यायला गेल्या, की वासा कपाळावर बसायचा. एकदा हातातलं तेल सांडलं. एकदा लुगड्याचा पदर चुलीत गेला. त्यांचे पती भरमूआप्पा शेतातून धावत आले आणि त्या दिवसापासून त्यांनीच हातात पळी घेतली. त्यांचा भात कधी कच्चा असे, कधी करपलेला. राजाबाई तो मुकाट्यानं खायच्या. खाऊन झाल्यावर एवढंच म्हणायच्या, "पोळलं तर पोळू दे, पर मला अशी हातपाय गाळून बसवू नका."

त्यांचा मुलगा युवराज बेळगावात नोकरीला होता. आईचं ते बोलणं त्याच्या मनाला लागलं. धूर नको, जाळ नको, सगळं हाताशी असावं, म्हणून त्यानं गॅस घेतला आणि आम्हाला मागवलं.

आम्ही टेम्पोतून उतरलो तेव्हा गावातली माणसं गोळा झाली. मष्णू नावाचा फिटर आणि त्याचा जोडीदार यांनी खालचे खण रांगेत लावले. मग मला उचलून वर टेकवायला गेले, तर माझा मागचा कोपरा वाशाला भिडला. मी पुढं कललो. पुन्हा उचललं, पुन्हा तेच.

"हे बसत न्हाय," मष्णू घाम पुसत म्हणाला. "लांबी-रुंदी बरोबर हाय. छप्पर उतरतंय हे कुणी सांगितलंच न्हाय."

युवराज ओशाळला. मापं त्यानंच फोनवर दिली होती. "मग पलीकडच्या उंच भिंतीला लावा," तो म्हणाला.

इतक्यात राजाबाई भिंतीला हात लावत लावत आत आल्या. एक हात त्यांनी डोक्यावर धरला होता. पुढं सरकत सरकत त्यांची बोटं वाशाला टेकली, तशा त्या थांबल्या.

"हितं माझं डोसकं आपटतंय, रोज," त्या म्हणाल्या. "फुडं मोकळं लागलं की मी जाते आन् आपटते. कपाट हितंच पायजे. ही जागा भरूनच टाका."

"मग कापावं लागंल, आक्का," मष्णू म्हणाला. "आन् कापलं की कंपनीची गॅरंटी गेली."

"माझ्या डोसक्याची गॅरंटी देती व्हय रं तुझी कंपनी?"

मष्णू हसला. त्यानं पुठ्ठा घेतला, छपराच्या उताराला धरून त्याची तिरकी कड आखली आणि तीच रेघ माझ्या अंगावर उतरवली. करवत फिरली. माझा मागचा खांदा भुशासकट खाली पडला. खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं. नवा कोरा, अजून एक डबाही न ठेवलेला मी, आणि मला असं तोडावं! पण मग त्यांनी मला वर चढवलं, तेव्हा माझी पाठ छपराच्या उताराला अशी लागली, की जणू मी तिथंच वाढलो होतो. समोरून सरळ आणि मागून वाकलेला, असा मी त्या घरचा झालो. राजाबाई पुढं आल्या. त्यांचा तळहात माझ्या दाराला लागला. वासा माझ्यामागं राहिला होता. त्या दोनदा मागं गेल्या, दोनदा पुढं आल्या. त्यांचं कपाळ कुठंही आपटलं नाही.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते. मीठ, हळद, बेडगी मिरचीचं तिखट, मोहरी, साखर, आमसुलं, सगळं राजाबाईंनी स्वतःच्या हातांनी माझ्यात लावलं. डबा उघडायचीही त्यांना गरज नसे. हलवला की आवाजावरून त्या ओळखायच्या. घेतलेली वस्तू जागच्या जागी आणि उघडलेलं दार लगेच बंद, हा त्यांनी घराला घालून दिलेला नियम. भरमूआप्पाही तो पाळायला शिकले. पहिले काही दिवस बोटं भाजली, भाकरी मोडल्या. मग तांदळाच्या भाकरी पुन्हा टम्म फुगू लागल्या. हुलग्याच्या कटाचा वास अंगणापर्यंत जाऊ लागला.

बाया मला बघायला यायच्या. माझ्या लाल दारात आपला चेहरा न्याहाळायच्या आणि म्हणायच्या, "लई झ्याक हाय गं राजाबाई, शहरात गेल्यागत वाटतंय!" मी फुशारून जायचो. ज्यांच्या घरी मी होतो, त्यांना मात्र माझा रंग कधीच दिसला नाही. त्यांना मी फक्त गार आणि गुळगुळीत लागायचो.

मग ती सकाळ आली. युवराज सुट्टीसाठी गावी आला होता. परत निघायची घाई होती. आईला त्रास नको म्हणून त्यानं स्वतःच चहा टाकला आणि साखर घ्यायला माझं दार उघडलं. तेवढ्यात बेळगावहून फोन आला. बोलत बोलत तो अंगणात गेला.

आम्हा कपाटांना वाचा नसते. दार आपलं आपल्याला मिटता येत नाही. राजाबाई पेजेचं पातेलं घेऊन नेहमीच्या सवयीनं भरभर आल्या. त्यांच्या मनातलं दार बंद होतं. माझ्या दाराची कड भुवईच्या वर बसली. पातेलं खाली गेलं, गरम पेज पायावर सांडली आणि त्या भिंतीला धरून खाली बसल्या. लाल दारावर लाल ओघळ गेला. तो लांबून दिसतही नव्हता.

जखमेला टाके पडले. पाय भाजला होता तो हळूहळू बरा झाला. युवराज मात्र बरा झाला नाही. आईच्या कपाळावरच्या पट्टीकडे त्याला बघवत नव्हतं. त्यानं गॅसचा रेग्युलेटर काढून पिशवीत टाकला. शेजारच्या मालुबाईंना दोन वेळचा डबा सांगितला. "पावसाळा सरला की तुमा दोघांस्नी बेळगावला न्हेतो. घर बंद करूया," असं म्हणून तो निघून गेला.

आमच्या भागातला पाऊस तुम्हाला माहीत असेल. एकदा लागला की भिंतींनाही घाम फुटतो. जिथं चूल पेटत नाही, तिथं ओल ठाण मांडून बसते. माझ्यातल्या मिठाचं पाणी झालं. जिऱ्याला बुरशी आली. बिजागऱ्या गंजल्या. माझ्या खालच्या कडेत ओल शिरून प्लायचे पापुद्रे सुटले. पालीनं माझ्या आत अंडी घातली. मला हात लावायला कुणी आलं नाही.

पण माझ्याहून जास्त पडझड उंबऱ्यावर चालली होती. राजाबाई दिवसभर तिथं बसून असायच्या. मालुबाईंचा डबा चांगला असायचा. पण त्या चार घास खाऊन बाजूला सारायच्या. पुढं पुढं त्या बोलेनाशा झाल्या. मांडीवर त्यांची बोटं मात्र हलत असायची, पीठ मळल्यासारखी.

पाऊस ओसरल्यावर युवराज जीप घेऊन आला. गाठोडी बांधून झाली. तो पडवीचं दार ओढून घ्यायला आला, तशा राजाबाई उंबऱ्यावरून उठल्या आणि आत आल्या.

"आई, चल. तिथं सगळं हाय. तुला काय बी करायला लागणार न्हाय. बसून खायाचं."

"बसून खायाला मी पाव्हणी हाय व्हय?"

"पुन्यांदा लागलं म्हंजे?"

"मागच्या टायमाला कशानं लागलं, युवराज?"

युवराजनं हातातली दाराची कडी सोडली.

राजाबाईंचा आवाज चढला नव्हता. "दार उघडं टाकलंस तू," त्या म्हणाल्या, "आन् चूल बंद झाली माझी."

युवराज उंबऱ्यावर बसला. एवढा मोठा माणूस, पण गुडघ्यात तोंड घालून म्हणाला, "मला रोज त्येच दिसतंय गं आई. डोळं मिटलं तरी तुझं रगात दिसतंय."

"ठाव हाय मला. तुझं भ्या जावं म्हून तू माझं हात बांधलंस." त्यांनी चाचपत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "कपाळ फुटलं रं लेकरा. हात न्हाय फुटलं माझं."

दारात उभे राहून भरमूआप्पा सगळं ऐकत होते. ते वळून गेले आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. कुणाला काही न विचारता त्यांनी माझ्या दाराच्या बिजागरीला हात घातला. गंजलेले स्क्रू निघता निघेनात. ते बघून युवराज उठला आणि त्यानं दार खालून धरलं.

"आप्पा, दार न्हाय म्हटल्यावर धूळ बसंल आत."

"धूळ पुसता येती," भरमूआप्पा म्हणाले.

दार निघालं. गाठोडी पुन्हा सोडली. जीप गाठोड्यांशिवायच परत गेली. युवराज तिच्यातूनच बेळगावला गेला आणि दुसऱ्या दिवशी रेग्युलेटर घेऊन आला. मग बादलीत पाणी घेऊन त्यानं मला आतून-बाहेरून पुसून काढलं. पालीची अंडी हलक्या हातानं कुंपणाला नेऊन ठेवली. नवं मीठ, नवं जिरं आणलं. तो डबे माझ्यात ठेवायला लागला, तर राजाबाई म्हणाल्या, "तू फकस्त हातात दे." आणि एकेक डबा त्यांनी स्वतः लावला.

त्या दिवशी त्यांनी भात केला आणि आमसुलाचं सार. युवराज जेवायला बसला.

"मीठ बरोबर हाय का रं?" त्यांनी विचारलं.

त्यानं आणखी भात वाढून घेतला. भरमूआप्पाच म्हणाले, "बरोबर हाय."

माझं ते दार आता अंगणात असतं. उन्हाळ्यात त्याच्यावर आमसुलं वाळत घालतात. बाया आल्या की विचारतात, एवढं चांगलं कपाट आणि असं उघडं का? आता माझ्यात कुणाला चेहरा दिसत नाही. तरी मला त्याचं दुःख नाही. राजाबाईंचा हात येतो तो सरळ आत येतो, हवं ते घेतो आणि जागच्या जागी परत ठेवतो. त्या हातात आता भीती नसते. ती असती तर मला पहिल्यांदा कळली असती.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं माणूस असेल, कमी दिसणारं, हळू चालणारं किंवा रात्री चाचपत पाण्यापाशी जाणारं. त्याचं घर त्याच्या मनात पक्कं मांडलेलं असतं. तुम्ही सहज सरकवलेली खुर्ची, उघडं टाकलेलं दार आणि दुसरीकडे ठेवलेला पेला, यांनी त्याचं ते घर मोडतं. म्हणून घेतलेली वस्तू जागेवर ठेवा. आणि चूक झालीच, तर तिची शिक्षा त्या माणसाला देऊ नका. काळजी करायची म्हणून त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका.

माझ्या खालच्या कडेचे पापुद्रे आता भराभर सुटत आहेत. अजून किती पावसाळे काढेन, सांगता येत नाही. कधीतरी माझ्या जागी नवं कपाट येईल. ते येऊ दे. फक्त एक करा. ते भिंतीला लावल्यावर त्याचा रंग नंतर बघा. आधी राजाबाईंचा हात धरून त्याच्या चारी कडांवरून एकदा फिरवा.