शिंक न आणणारी भुकटी

"काका, मास्कवरून आणखी रुमाल कशाला बांदता? ह्यो माल आता शिंकवत नाय."

जिवल्या हसला आणि झुंबर आव्हाडांचे हात रुमालाची गाठ मारता मारता मानेमागेच थांबले.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोळ्यांच्या कारखान्यात ते आयातीचे कारकून होते. एकतीस वर्षं झाली होती. येत्या गुरुवारी निवृत्ती होती आणि त्यांची खुर्ची उत्कर्षाला मिळणार होती. म्हणून सकाळीच ते तिला गोदामात घेऊन आले होते. परदेशातून आलेलं रसायन कस्टमच्या पुस्तकात कोणत्या प्रकरणात बसतं, हे नुसत्या कागदावरून ठरवू नये, ड्रम उघडून माल बघावा, हा त्यांचा जुना हेका. शिकवायला त्यांनी मुद्दाम सांधेदुखीच्या गोळ्यांचं मूळ औषध निवडलं होतं. मैद्यासारखी बारीक भुकटी. ड्रमचं झाकण काढलं की खोलीभर उडायची, मास्क लावूनही माणूस शिंकून बेजार व्हायचा.

त्यांनी चमचा आत घातला आणि वर उचलून तिरका केला. भुकटी उडाली नाही. रव्यासारखी सरळ खाली घसरली.

"हे असं कधीपासून रे?"

"दोन दिवाळ्या झाल्या ना," जिवल्या म्हणाला. मासवण गावचा हा माणूस पंधरा वर्षं गोदामात ड्रम उचलत होता. "आमी म्हटला, बरा झाला. पयला घरी गेलो का बायको लांब बसं, म्हणं आंगाला दवाखाना लागलाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी इथं येता कुठं आता? गुडघा धरला तुमचा तवापासून वरच बसता."

झुंबरकाकांना हसता आलं नाही. नवा माल असला की ते अजूनही जिना उतरत. पण ओळखीचा माल परत काय बघायचा?

चिमूटभर माल पुडीत घेऊन ते प्रयोगशाळेत गेले. शिक्षण बी.कॉम., पण रसायनशास्त्र त्यांनी जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हाताने खात, वाचून वाचून पचवलं होतं. पाण्यात कालवलेल्या मालावर त्यांनी आयोडीनचा थेंब टाकला. थेंब पडला तिथे निळंशार झालं.

"स्टार्च," उत्कर्षा हळूच म्हणाली.

"हो. घरात ज्वारीचं पीठ कुठं ठेवता?"

"डब्यात."

"आणि थालीपिठाची भाजणी?"

"तिचा डबा वेगळा."

"तसंच हे. नुसतं शुद्ध रसायन असेल तर प्रकरण एकोणतीस. ते टिकावं म्हणून जरुरीपुरतं काही घातलं, तरी चालतं. पण सरळ गोळी दाबता यावी म्हणून आधीच स्टार्च मिसळून दाणे केले, की ती भाजणी झाली. प्रकरण तीस. कर वेगळा." ते थांबले. "आणि मी दोन वर्षं भाजणीवर पिठाची चिठ्ठी लावतोय."

तेवढ्यात फोन वाजला. न्हावाशेव्याच्या बंदरातून कस्टम एजंट जितेश बोलत होता. "काका, तुमचा कंटेनर लागला. जुनंच प्रकरण टाकून देतो ना?"

"थांब जरा."

"काका, तुम्ही आणि थांब? आज सूर्य कुठं उगवला?"

"मी सांगेपर्यंत काही टाकू नकोस, बाबा."

मॅनेजर भाग्येश साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते खुर्चीत मागे रेलले. "झुंबरकाका, आजपासून तीस टाका. मागचं कुणी विचारलंय का?"

"नाही साहेब."

"मग? चार दिवस राहिलेत तुमचे. सुखानं जा की. मला हेड ऑफिसला काय काय उत्तरं द्यावी लागतील, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पण कागद आपण भरतो, साहेब. आपण खरं लिहिलंय असं धरूनच कस्टमवाले माल सोडतात. आपणहून कळवायला हवं."

भाग्येशनी पेनची दोनदा उघडझाप केली. "बरं, लिहा पत्र. पण पुरवठादारानं बदल कळवला नाही, असं घाला. तेवढं तरी."

तेवढं घालायला झुंबरकाकांचीही हरकत नव्हती. खरं म्हणजे त्यांना हायसंच वाटलं. फक्त घालण्याआधी खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी जुनी फाईल काढली, आणि त्यात पुरवठादाराचं दोन वर्षांपूर्वीचं पत्र सापडलं. मालाचं स्वरूप बदलत असल्याचं दोन ओळींत स्वच्छ लिहिलेलं. कोपऱ्यात शेरा होता, 'पाहिले'. खाली त्यांचीच सही आणि तारीख.

उत्कर्षाने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. "काका, त्या दिवशी घरी काही झालं असेल..."

त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. बायकोचं आजारपण त्याच्या आधीचं, मुलीचं लग्न नंतरचं. काहीच झालं नव्हतं. साधा मंगळवार होता. आपण न वाचता सही केली होती, इतकंच.

पत्राची प्रत घेऊन ते परत साहेबांच्या टेबलाशी गेले. "पुरवठादारानं कळवलं होतं, साहेब. मीच वाचलं नाही."

भाग्येशनी ती सही पाहिली, मग झुंबरकाकांकडे पाहिलं. हा कागद फाईलमधून गळाला असता तर कुणाला कळलं असतं, हा विचार दोघांच्याही मनात एकदमच आला असावा. शेवटी साहेब म्हणाले, "लिहा. सही मी करतो."

पुढचे तीन दिवस झुंबरकाका आणि उत्कर्षा दोन वर्षांचे कागद उलगडत बसले. ती एकेक नोंद वाचायची, ते योग्य प्रकरण लिहायचे. नंतर ती प्रत्येक ड्रम बघायला खाली जाऊ लागली, आणि जिवल्या तिला न विचारता सांगू लागला, कुठला माल ओला होतो, कुठला हाताला चिकटतो.

गुरुवारी कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. हेड ऑफिसचं कुणी आलं नाही. समोसे होते, दोन भाषणं झाली. भाग्येशनी चौकट नसलेलं मानपत्र दिलं. ते महिन्यापूर्वीच छापून आलं होतं.

टाळ्या थांबल्यावर झुंबरकाका कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून ते वाचू लागले. या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत. 'एकतीस वर्षांच्या निर्दोष सेवेबद्दल' असं त्यात होतं.

त्यांनी खिशातलं पेन काढलं. कारखान्यात कागदावरची चूक खरडून काढत नाहीत. खालचा शब्द वाचता येईल अशी एकच रेघ मारतात. तशी त्यांनी 'निर्दोष'वर एक सरळ रेघ मारली, शेजारी बारीक सही केली, तारीख घातली, आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसले.