खिळ्यांची भिंत

बायको गेली त्याला तीन आठवडे झाले होते. पण तिच्याबरोबर आणखी काय गेलं, हे काकांना कळलं ते भाची आली त्या दिवशी.

भाची म्हणजे बायकोच्या बहिणीची मुलगी. मावशीच्या हाताखाली चार वर्षं विणकाम शिकलेली. मागावर अर्धवट राहिलेलं मोठं कापड पुरं करायला ती आली होती. नव्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर ते लागायचं होतं. काकांनी तिला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही, आधी कामाच्या खोलीत नेलं.

"बघ," ते म्हणाले. "दोन दिवस खपत होतो."

भिंतीवर एकशे बारा खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर एक गुंडा. फाटक्या छत्र्या, पावाच्या पिशव्या, जुने शर्ट, कॅसेटच्या फिती, लोकांनी टाकलेलं काय वाटेल ते बायको घरी आणायची, धुवायची, पट्ट्या कापून गुंडे करायची आणि विणायची. सायकलच्या मोडक्या चाकांचे बगळे व्हायचे, ते अंगणात उभे होते. "लोकांच्या घरातून कचरा बाहेर जातो, आमच्या घरात आत येतो," असं काका येईल त्याला सांगायचे. लगेच आतून बायकोचा आवाज यायचा, "अहो स्टोअर, तुम्हालाही मीच वेचून आणलंय!"

काका पस्तीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. ती असताना या खोलीत फक्त चहाचा कप घेऊन यायची मुभा. ती गेल्यावर त्यांना नुसतं बसवेना. भिंतीवर पांढऱ्याशेजारी काळा, काळ्याशेजारी पिवळा, सगळा सावळागोंधळ. त्यांनी गुंडे उतरवले, धूळ झटकली आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत रंगवार लावून टाकले.

भाची दारातच थबकली.

"काका, हे तुम्ही केलंत?"

"मग कोण करणार? तुझी मावशी? तिला जन्मात जमलं नसतं."

भाची हसली नाही. तिनं खाली बसून घेतलं.

"मावशी कागदावर चित्र काढायची नाही, काका. हे खिळे हेच चित्र. विणायचं राहिलेल्या भागाचे गुंडे ती क्रमानं लावून ठेवायची; वरच्या डाव्या खिळ्यापासून ओळीनं गुंडे घेत जायचं आणि विणायचं. मी त्या क्रमावर विसंबून आले होते."

काकांना आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा त्यांनी खिशातला फोन काढला.

"फोटो असेल," ते म्हणाले.

फोटो सापडला, काकांनीच काढलेला. बायको मागाशी बसून हसत होती. चेहरा लख्ख आला होता. मागची भिंत पुसट, तिच्या खांद्याआड.

"आठवतं का बघा. रोज चहा आणायचात ना?"

काका भिंतीकडे बघत राहिले. कारखान्यातला कुठला बोल्ट कुठल्या कप्प्यात, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. या भिंतीवर तिसरा गुंडा कोणता होता, ते सांगता येईना. ते कप टेबलावर ठेवायचे, तिच्याकडे बघायचे आणि जायचे.

"ती काय काढत होती, ते तरी?"

"विचारलं होतं. म्हणाली, झाल्यावर बघा."

भाचीनं छत्रीच्या कापडाचा निळा गुंडा घेतला, चार ओळी विणल्या, मागे सरकून बघितलं आणि उसवल्या.

"चुकलं का?" काकांनी विचारलं.

"तेच कळत नाहीये ना. माझ्या मनानं विणते म्हटलं तर होईल, देखणंही होईल. पण ते मावशीचं नसेल." मग हळूच म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं करते."

आयुष्यभर लोकांना वस्तू काढून दिल्या काकांनी. या पोरीला द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

संध्याकाळी वाचनालयाच्या बाईंचा फोन आला. आहे तेवढं कापून द्या, आम्ही तसंच लावू, असं त्या अगदी आपुलकीनं म्हणाल्या. काका म्हणाले, "बघतो." मग भाचीला बसस्टॉपपर्यंत सोडून आले.

कापड अजून मागावरच आहे. साडेपाच फूट विणून झालंय, साडेतीन फूट राहिलंय.