जिप्सी कुठी थांबली

नागसेनभाऊंनी हर्षाच्या जिप्सीत बसणं सोडलं आणि ते तिच्या जिव्हारी लागलं. सफारीची गाडी चालवणं ती चंद्रपूरला शिकली, पण जंगल ओळखायला शिकवलं ते या गाईडनंच.

झालं असं. सकाळच्या फेरीत नाल्याकाठच्या बांबूत वाघिणीची डोळेही न उघडलेली पिल्लं दोघांना दिसली. मागचे पाहुणे मोराचे फोटो काढण्यात दंग होते. "कोणाले सांगू नोको," नागसेनभाऊ पुटपुटले. हर्षा कुठली सांगते! पण दुपारी पाहतात तर गेटावरच्या साऱ्या जिप्स्या तिथंच. वाघिणीनं एकेक पिल्लू तोंडात धरून जागा सोडली.

"तूच बोलली," नागसेनभाऊ म्हणाले. तिनं शपथ घेऊनही त्यांना पटेना.

मग एक दिवस चहाच्या टपरीवर विक्की ड्रायव्हरच्या मोबाइलात तिला जंगलाचा नकाशा दिसला. गाड्यांनी वेग मर्यादेत ठेवावा म्हणून प्रत्येक जिप्सीत ट्रॅकर बसवलेला, त्याचा नकाशा.

"हे तुही गाडी. सकाळी कुठी जास्त वेळ थांबली ते दिसते," विक्की सहज म्हणाला. "साऱ्यायचा पासवर्ड एक-दोन-तीन-चार. काऊन, तुले माहीत नाई?"

यंत्रासोबत आलेला पासवर्ड बदला, असा नवा नियम गेटावर चिकटवलेला होता. वाचतो कोण!

हर्षानं हे सांगितलं, पण नागसेनभाऊंनी ते उडवूनच लावलं. "यंत्र काय चुगली करते?"

"मंग उद्या एक फेरी बसा. अन् दुपारपर्यंत मले नजरेआड होऊ देऊ नोका."

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम कोरड्या तलावापाशी गाडी उभी केली. तिथं ससासुद्धा फिरकत नाही. कुरकुरणाऱ्या पाहुण्यांना सुतारपक्षी दाखवून तिनं वेळ काढला. दुपारी आपला मोबाइल नागसेनभाऊंच्या खिशात ठेवून त्यांच्यासमोरच डबा खाल्ला.

दुपारच्या फेरीत तलावाच्या पाळीवर गाड्यांची ही गर्दी! सर्वांत पुढं विक्की. त्याचे पाहुणे दुर्बिणीतून एका खुंटाकडं टक लावून बसलेले. नागसेनभाऊ डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"चुकलो मी, पोरी."

"हो, चुकलेच तुमी," हर्षा म्हणाली. तिचा राग अजून गेला नव्हता.

संध्याकाळी गेटाबाहेर येऊन तिनं पासवर्ड बदलला.

"काय ठेवला?" नागसेनभाऊंनी विचारलं.

हर्षानं मोबाइल खिशात टाकला आणि गाडीच्या काचा पुसायला घेतल्या. नागसेनभाऊंनीही एक फडकं उचललं.

"उद्या डावीकडचा रस्ता घे," ते हळूच म्हणाले. "पिल्लं तिकडं हायेत."