प्रेमानंदच्या गोळ्या

वडनेर भोलजीच्या बँड पार्टीत प्रेमानंद क्लॅरिनेट वाजवायचा. पन्नाशी गाठली होती, पण दम तरुण पोरांना लाजवेल असा. म्हणून गावातल्या तपासणीत त्याचं बीपी एकशे सत्तर निघालं तेव्हा त्याला ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं. तरी उपकेंद्रातल्या नर्स छायाताईंनी दिलेल्या दोन्ही गोळ्या तो घेऊ लागला.

त्यातल्या एका गोळीनं लघवी फार व्हायची. लग्नसराईत एका वरातीत, नवरदेवाचे मित्र ऐन नाचाच्या रंगात असताना, त्याला वाजवणं सोडून भिंतीआड पळावं लागलं. वऱ्हाडी खो खो हसले. बँडमालकानं सगळ्यांदेखत झापलं. त्या दिवसापासून त्यानं गोळ्या बंद केल्या. दोन्ही.

दर महिन्याला छायाताई बीपी मोजताना विचारायच्या, "गोळ्या चालू आहेत ना, भाऊ?"

"हाव, रोज घेतो."

खरं कारण बाईमाणसाला कसं सांगावं? बीपी काही उतरेना. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी आधी डोस वाढवला, मग तिसरी गोळी जोडली. प्रेमानंद पाकिटं घरी आणायचा आणि पेटीत कपड्यांखाली सारायचा.

एकदा पेटी आवरताना ती पाकिटं त्याच्या बायकोच्या, पंचफुलाच्या हाती लागली.

"हे काय हाये?"

"राह्यल्या असतील."

ती भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची. तिन्ही गोळ्या गिळल्याशिवाय हलायची नाही. चौथ्या दिवशी प्रेमानंद आंघोळ करून उठला आणि तिथंच कोसळला. कपाळाला खोक पडली.

उपकेंद्रात छायाताईंनी बीपी दोनदा मोजलं. नव्वदवर साठ.

"एकदम एवढं कसं उतरलं?"

पंचफुलाच बोलली, "हे घेतच नव्हते, ताई. चार दिस झाले, मीच देऊन राह्यली."

"भाऊ, तुमी हाव म्हणत गेले, म्हणून डॉक्टर डोस वाढवत गेले. काऊन नाई घेतल्या?"

मग त्यानं वरातीचं सांगितलं, नजर न उचलता. कोणी हसलं नाही.

"हे तवाच सांगतलं असतं, तर गोळी बदलून भेटली असती," छायाताई म्हणाल्या. "मीबी फक्त घेता का इचारलं. काही तरास होते का, हे नाई इचारलं."

डॉक्टरांनी लघवीची गोळी काढून टाकली आणि उरलेल्या दोन्हींचा डोस कमी केला. छायाताईंनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं, की डोकं दुखत नसलं तरी बीपी आतून किडनीला, मेंदूला धक्का देत राहतं. आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायच्या नाहीत.

वैशाखातल्या तपासणीला छायाताईंनी विचारलं, "गोळ्या?"

"दोन दिस चुकल्या. शेगावच्या लग्नात होतो, पाकीट घरी राह्यलं."

त्यांनी तसंच लिहून घेतलं. बीपी एकशे अडतीस होतं.

"एक पाकीट बँडच्या शर्टाच्या खिशात ठेवत जा."

"ठेवतो," म्हणत प्रेमानंदनं बाही खाली केली. बारा वाजता नांदुऱ्याला लग्न होतं, आणि गाडी बाहेर हॉर्न देत होती.