रात्रीचं जेवण

महेश्वरीनं पैसे भरायला मोबाइल ऑफिसच्या खिडकीतून पुढे केला, तेव्हा आत बसलेल्या प्रियांकानं तिला थांबवलं.

"ताई, एवढे नका टाकू. आजींचं रात्रीचं जेवण बंद आहे. तुमचे मागचेच थोडे शिल्लक राहिलेत."

महेश्वरीनं मोबाइल मागे घेतला.

"बंद म्हणजे? कुणी बंद केलं?"

"आजींनीच. मागच्या महिन्यात इथं येऊन सांगून गेल्या. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

पूर्णा स्टेशनपासून रिक्षानं थोडं आत, तुरीच्या शेतांना लागून असलेलं हे वृद्धांचं घर एका ट्रस्टनं चालवलेलं. राहण्याचे पैसे घेत नसत. जेवणाचे मात्र ज्याच्या त्याच्या घरच्यांनी दर महिन्याला भरायचे. कुणी दोन्ही वेळचे भरत, कुणी दुपारचेच. दुपारचेच भरणाऱ्या घरची म्हातारी माणसं रात्री जेवणघराकडे फिरकत नाहीत, लवकर दिवा मालवून पडतात, हे महेश्वरीनं येता-जाता पाहिलं होतं. आपली सासू, गौराबाई, त्यांच्यात जाऊन बसेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तिनं दोन्ही वेळचे पैसे भरले. प्रियांका म्हणाली, आजी पुन्हा येऊन बंद करायला लावतील. महेश्वरी म्हणाली, ते मी बघते. पायऱ्या उतरून ती खोल्यांकडे निघाली. आज ती जे सांगायला आली होती, ते गौराबाईंना आधीच कळलं, याबद्दल तिला शंका उरली नाही. पूर्णा ती केवढीशी. कुणीतरी पाहिलं असेल, कुणीतरी येऊन सांगितलं असेल. दुसऱ्या घरी निघालेल्या बाईच्या पैशाचं अन्न नको, असं म्हातारीनं ठरवलं असेल. एक वेळचं आधी सोडलं, दुसऱ्या वेळचंही सोडेल.

महेश्वरीचा नवरा बसवेश्वर गेला तेव्हा वालूरला त्यांचं किराणा दुकान होतं. सेलूहून माल घेऊन येताना ट्रकनं धडक दिली आणि माणूस घरी आला तो पांढऱ्या कापडात. सासरे बसप्पा त्याच्याही आधी गेलेले. दुकान दोघी बायकांच्यानं रेटवलं नाही. महेश्वरीनं परभणीत एका खासगी दवाखान्यात काउंटरवर काम धरलं, माडीवरची एक खोली भाड्यानं घेतली आणि सासूला घेऊन आली. मग गौराबाई जिन्यावरून पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण जिना तसाच राहिला. महेश्वरी कामावर गेली की म्हातारी दिवसभर खोलीत एकटी. पूर्णेच्या या घराचं नाव गौराबाईंनीच कुठूनतरी काढलं आणि मला तिथं नेऊन सोड म्हणून हट्ट धरला. वालूरला लोक बोलायचं ते बोललेच. सुनेनं टाकली म्हणाले. ते ऐकून महेश्वरी आठवडाभर धड जेवली नव्हती.

मंगेश तिला दवाखान्यात भेटला. त्याचे वडील भरती होते आणि तो रोज तिच्या काउंटरवरून मेसची कुपनं न्यायचा. वडिलांचं पथ्याचं, स्वतःचं साधं. वडील वाचले नाहीत. बिल चुकतं करायला आला तेव्हा न वापरलेली कुपनं त्यानं तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, पैसे परत नकोत, कुणाच्या सोबतच्या माणसाला जेवू घाला. तो पूर्णेला रेल्वेत, विजेच्या कामावर होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. पुढे महेश्वरी सासूला भेटायला पूर्णेला आली की तो स्टेशनावर दिसू लागला. आधी सहज म्हणून, मग ठरवून. त्यानं लग्नाचं विचारलं तेव्हा महेश्वरीनं त्याला पहिली गोष्ट सांगितली ती गौराबाईंची. त्यांच्या जेवणाचे पैसे मी भरते आणि भरतच राहणार. तो म्हणाला होता, यात विचारायचं काय आहे?

त्याला सांगणं सोपं गेलं. गौराबाईंना सांगणं होत नव्हतं. दर वेळी गाडीत ती वाक्य जुळवून यायची. खोलीत शिरलं की कोनाड्यातला बसवेश्वरचा फोटो दिसायचा, त्याला रोज लावलेला विभूतीचा पट्टा दिसायचा, आणि जुळवलेलं वाक्य तसंच राहून जायचं. आज मंगेश सोबत येतो म्हणाला होता. तिनं त्याला स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसवून ठेवलं होतं.

गौराबाई खाटेवर बसून मेथी निवडत होत्या. स्वयंपाकघरातल्या दगडाबाईंना हाताखाली मदत म्हणून त्या रोज काहीतरी मागून आणत. सुनेला पाहून त्यांनी पाय आवरून जागा केली. त्यांच्या हातातली बांगडी कोपराकडे सरकत होती. मागच्या खेपेला ती मनगटावरच बसत होती.

"रात्री जेवत नाहीत तुम्ही," महेश्वरी उभ्यानंच म्हणाली.

"भूक न्हाई लागत रातच्याला. या वयात किती खावं मान्सानं."

पलीकडच्या खाटेवरून चांगुणाबाईंनी तोंड घातलं. भूक लागत नाही हे खोटं, म्हणाल्या. तांब्याभर पाणी पिऊन पडते ही, मीच माझ्यातली अर्धी भाकर आणून देते तर तीसुद्धा भांडून घ्यायला लावावी लागते. गौराबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की चांगुणाबाई उन्हात बसायचं निमित्त करून बाहेर निघून गेल्या.

महेश्वरी खाटेच्या कडेला टेकली. मेथीची जुडी तिनं ओढून घेतली आणि पानं खुडू लागली. कोनाड्याकडे पाहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"आत्याबाई, माझा राग आलाय का तुम्हाला?"

"राग? तुपला?" गौराबाईंचे हात थांबले. "कामून येईल? आगं, किती दिवस झालं बगायलेय मी. तू येतीस, तोंड उगडतीस अन् परत मिटतीस. जाताना डोळ्यात पाणी आणून जातीस. मला कळत न्हाई व्हय? दवाखान्यातलं काम सुटलं का तुजं? पगार कमी केला का त्यांनी? तू सांगायची न्हाईस, मला ठावं हाय. मी मनलं, आपल्यानं होईल तेवडं आपुन करावं. एका येळचं बंद केलं तर तेवडाच तुला हात मोकळा."

पाल्यात महेश्वरीचा हात तसाच राहिला. म्हणजे कुणीही काहीही सांगितलेलं नव्हतं. ती स्वतःच्या धाकानं गप्प राहत होती आणि इथं म्हातारी तिच्या गप्प राहण्याचा अर्थ लावून रोज उपाशी झोपत होती.

गाडीत जुळवलेलं वाक्य तिला आठवेना. आलं ते असंच आलं.

"काम सुटलं नाही, आत्याबाई. पैशाचं काही नाही. एक जण आहेत. मंगेश नाव. इथंच रेल्वेत आहेत. मी त्यांच्याशी लग्न करायलेय."

गौराबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलू लागले. महेश्वरीनं मान खाली घातली. आता जे येईल ते ऐकून घ्यायचं, इतकंच तिच्या मनात होतं. बऱ्याच वेळानं तिनं वर पाहिलं. पदर तोंडावरून बाजूला झाला होता आणि गौराबाई चक्क हसत होत्या. डोळे मात्र ओले होते.

"एवढंच व्हय गं? मला बाई फिकर पडली हुती, पोरगी रस्त्यावर आली का काय."

मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी कोनाड्याकडे हात केला. महेश्वरीनं उठून फोटो काढून दिला. गौराबाईंनी तो मांडीवर घेतला, पदरानं काच पुसली, पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या. बाहेर चांगुणाबाई कुणाशी तरी बोलत होत्या. खोलीत मेथीचा वास होता.

"तुजं ऐकून घेतो का?"

"घेतात. बोलतात कमी. पण ऐकतात."

"बसव बी ऐकायचा तुजं."

"हो," महेश्वरी म्हणाली.

गौराबाईंनी फोटो तिच्या हातात दिला आणि जिथला तिथं ठेव म्हणाल्या. महेश्वरीनं तो ठेवला. मग एका दमात तिनं बाकीचं सांगून टाकलं. मंगेशचं क्वार्टर खालच्या मजल्यावर आहे, जिना नाही, तुम्हालाही कधी येता येईल. पूर्णेहून परभणीला कामावर रोज जाता येईल. आणि इथं यायला तर पायीसुद्धा चालेल. जेवणाचं जसं आहे तसंच राहील, हे तिनं पुन्हा सांगितलं. गौराबाई ऐकत होत्या की नाही, कळत नव्हतं. त्या निवडलेली मेथी सुपात सारखी करत होत्या.

"आत्ता कुठं हायेत ते?"

"स्टेशनावर. टपरीवर बसवलंय."

"जेवलेत?"

महेश्वरीनं नकारार्थी मान हलवली. गौराबाईंनी सूप बाजूला सारलं आणि वॉकर ओढला. तिनं आधार द्यायला हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. वऱ्हांड्यातून त्या ठकठक करत निघाल्या, सून मागोमाग. वाटेत स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून त्यांनी दगडाबाईंना थोडा शिरा टाकता येईल का, असं विचारलं. कशाबद्दल म्हणून दगडाबाईंनी विचारलं, तर घरचं मानूस यायलंय, एवढंच म्हणाल्या.

प्रियांकाच्या खिडकीशी त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मपलं रातचं जेवण आजपासून चालू कर, म्हणाल्या. प्रियांका हसली, ताईंनी मघाशीच चालू केलंय, म्हणाली. मग गौराबाईंनी पाहुण्याच्या एका ताटाला किती पडतात ते विचारलं, कमरेची पिशवी सोडली आणि तिच्यातल्या घडी केलेल्या नोटा उलगडू लागल्या. भेटायला येणाऱ्या कुणाकुणी हातावर ठेवलेल्या त्या नोटा त्यांनी आजवर मोडल्या नव्हत्या.

महेश्वरीनं घाईनं पर्स उघडली. गौराबाईंनी तिचा हात धरला आणि पर्स मिटवली.

"जावयाच्या ताटाचे पैसे लेकीनं द्यायचे नस्तेत," त्या म्हणाल्या आणि नोट खिडकीतून आत सरकवली.

प्रियांकानं नोट घेतली आणि सुट्टे द्यायला ड्रॉवर उघडला. महेश्वरी वऱ्हांड्याच्या टोकाला गेली. तिनं फोन लावला. पलीकडून मंगेशनं हलक्या आवाजात विचारलं, काय झालं, रागावल्या का? मागे गौराबाई परत स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन दगडाबाईंना सांगत होत्या, की शिऱ्यात वेलदोडा घाल, आमच्यात लागतो.

"या तुम्ही," महेश्वरी म्हणाली. "भाजतायत रवा."